प्रार्थनेचा विषय

लेंटचं, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचं, पत्रक हातात आलं की मला आधी थकवा येतो. भक्ती मागाहून येते, आली तर. यंदाचं पत्रक फिकट जांभळ्या कागदावर छापलंय. चाळीस दिवसांचे बायबलमधले चाळीस शास्त्रभाग, आणि प्रत्येकाखाली तोच एक प्रश्न: 'आज मी काय करीन?' त्याच्यापुढं टिंबांच्या दोन ओळी, त्या आपण भरायच्या. लेंट सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधली उपासना सुटली की पाळकबाई, म्हणजे आमच्या पाळकसाहेबांच्या पत्नी, दारात उभ्या राहून एकेकाच्या हातात पत्रक देतात आणि म्हणतात, "नुसतं वाचायचं नाही हं, भरायचं." आम्ही माना डोलावतो. यंदाही डोलावल्या.

घरी येऊन मी ते पर्समध्ये ठेवलं, एसटीच्या पासाशेजारी, कारण माझं शास्त्रवाचन गेली सव्वीस वर्षं एसटीतच होतं. घर कोल्हापुरात आणि शाळा गारगोटीला. सकाळची सव्वासहाची गाडी. कळंबा मागं पडेपर्यंत मी डोळे मिटून असते. ती झोप असते, प्रार्थना नसते, पण बघणाऱ्याला फरक कळत नाही. मग उजाडतं, मी चष्मा लावते आणि वाचते. रस्त्यावर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात, त्यांच्या मागं आमची गाडी रांगते आणि ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवूनच बसतो. गळीत हंगाम संपत आलेला असतो, दहावीची परीक्षा तोंडावर आलेली असते. कारखान्याच्या मळीचा वास खिडकीतून आत येतो आणि पार मुदाळतिट्ट्यापर्यंत सोबत करतो. हा वास आला की मी अजून खिडकीची काच ओढून घेते. वासाचा काही दोष नाही. तीन वर्षांपूर्वीच्या लेंटमध्ये हाच वास होता, इतकंच.

त्या वर्षी मी माझ्या मैत्रिणीचं नुकसान केलं. प्रार्थनेनं केलं. हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात बदलून बदलून पाहिलं, जरा सौम्य करून पाहिलं, पण शेवटी ते असंच उरतं.

करुणा माझी लहानपणापासूनची मैत्रीण. रविवारच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. पुढं मी मराठीची शिक्षिका झाले आणि ती नर्स झाली. मुलांना शिकवून शिकवून माझी भाषा इस्त्री केल्यासारखी झाली, तिची मात्र आहे तशी राहिली. इथल्या पुष्कळ बायका बोलतात तशी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलते, आणि आवाजही असा की वॉर्डातले पेशंट तिच्या धाकानं बरे व्हायचे. निवृत्त झाली, त्याच वर्षी तिचा नवरा गेला. सकाळी दाढी करता करता गेला. मूलबाळ नाही. उरली ती आमच्या चर्चच्या मंडळीतली रविवारची शाळा. तिथं ती वीस वर्षं बारक्या पोरांना गोष्टी सांगत आली होती. गाढव आलं की गाढवासारखी ओरडायची, वादळ आलं की टेबल हलवायची. वर मोठ्यांची उपासना चाललेली असायची आणि खालून पोरांच्या हसण्याचा आवाज यायचा. पाळकसाहेब प्रवचन थांबवून हसायचे. आम्हीही हसायचो, आणि खरं सांगायचं तर आम्हालाही खाली जावंसं वाटायचं.

त्या लेंटच्या अगोदरच्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात करंज्या करत होतो. ती लाटत होती, मी सारण भरत होते. मध्येच लाटणं थांबवून ती म्हणाली, "शोभा, एक सांगू? मी प्रार्थनेला डोळं मिटतो न्हवं, तर पलीकडं कोणच नसतंय. हे गेल्यापासनं. पैलं कोणतरी ऐकतंय असं वाटायचं. आता नुसता अंधार."

मी काय करायला हवं होतं? हातातली करंजी खाली ठेवून तिच्याजवळ बसायला हवं होतं. मी काय केलं, तर लगेच एकापाठोपाठ एक तीन वचनं सांगितली.

"व्हय," ती म्हणाली, "पाठ हायत मला. मीच पोरांच्याकडनं पाठ करून घेतो." मग पुन्हा लाटायला लागली. थोड्या वेळानं म्हणाली, "कुणापाशी बोलू नको हं."

"वेडी आहेस का," मी म्हटलं.

आमच्या महिला मंडळाची प्रार्थनासभा दर बुधवारी संध्याकाळी असते. गीत होतं, वाचन होतं, मग पाळकबाई विचारतात, "प्रार्थनेचे विषय?" आणि एकेक बाई आपला विषय सांगते. गुडघेदुखी, मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, शेजाऱ्यांचा त्रास. ह्या पद्धतीवर मी हसत नाही. ह्याच पद्धतीनं माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनच्या वेळी वीस बायकांनी मला उचलून धरलं होतं. पण तिची एक खोड आहे, आणि ती आमच्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. जी गोष्ट एरवी बोलली तर चुगली ठरेल, ती 'प्रार्थनेचा विषय' म्हणून सांगितली की पुण्याची होते. आवाज जरा खाली आणायचा, 'नाव नको घ्यायला' म्हणायचं, आणि मग नावाखेरीज सगळं सांगायचं.

जानेवारीतल्या एका बुधवारी माझी पाळी आली. त्या दिवशी मी तीन तास एसटीत आणि सात तास शाळेत घालवून तशीच सभेला आले होते. अंग मोडून आलं होतं. डोक्यात काही नव्हतं. माझा गुडघा बरा होता, माझ्या मुलीला नोकरी होती. माझ्याकडं विषय नव्हता, आणि करुणाचा होता. ती त्या दिवशी आली नव्हती.

मी म्हटलं, "आपल्या एका बहिणीसाठी प्रार्थना करूया. नाव नको घ्यायला. तिचा विश्वास डळमळलाय. पती गेल्यापासून तिला प्रार्थनाच करवत नाही. आणि लेकरांना शिकवण्याची जबाबदारी तिच्यावर आहे, म्हणून जास्त काळजी वाटते."

पती गेलेली, लेकरांना शिकवणारी. आमच्या मंडळीत अशा किती होत्या? पण बोलताना मला हे जाणवलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. जाणवलं होतं. सगळ्या बायका माझ्याकडं वळल्या होत्या, कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं होतं, आणि दिवसभराच्या शिणानंतर आपल्या बोलण्याला एवढं वजन आलेलं मला बरं वाटलं होतं. पुरतं अर्धा मिनिट बरं वाटलं होतं.

पुढचं फार लवकर झालं. पाळकबाई आणि पाच जणी फळं घेऊन करुणाकडं गेल्या. तिला मधल्या खुर्चीत बसवून, तिच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी तासभर प्रार्थना केली. त्यानंतरच्या आठवड्यात पाळकसाहेब गेले. ते माणूस म्हणून भले आहेत, ओरडले नाहीत, उलट म्हणाले, "थोडे दिवस विश्रांती घ्या. मुलांचा वर्ग दुसरं कुणी बघेल." करुणानं वर्गातल्या गोष्टींच्या चित्रांची पेटी कपाटातून काढून त्यांच्यापुढं ठेवली. त्या रविवारपासून ती चर्चला यायची बंद झाली. तिनं मला फोन केला नाही, भांडली नाही. भांडली असती तर मी उत्तरं दिली असती, माझ्याकडं तयार होती.

आणि मग राखेचा बुधवार आला, पत्रक आलं.

पत्रक भरण्यात माझा हात धरणारं आमच्या मंडळीत कुणी नाही. अक्षर चांगलं, वाक्य नेटकं. 'आज मी रागावर ताबा ठेवीन.' 'आज मी एका आजारी व्यक्तीला फोन करीन.' पहिले अकरा दिवस मी असे भरले. बाराव्या दिवशी, ट्रॅक्टरच्या मागं अडकलेल्या गाडीत, तो उतारा आला. आपलं अर्पण घेऊन वेदीपाशी गेलात आणि तिथं आठवलं की कुणाच्या तरी मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा, आधी जा आणि त्याच्याशी समेट करा, मग येऊन अर्पण वाहा. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेला भाग. ह्यावर मी स्वतः दोनदा सभेत बोललेय, उदाहरणं देऊन. त्या दिवशी वाचलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. मळीचा वास येत होता. शेजारची बाई वारणानगरला दिलेल्या लेकीविषयी काहीतरी सांगत होती, मी हूं हूं करत होते.

शाळेत शिरायच्या आधी मी पेन काढलं आणि लिहिलं, 'आज मी करुणासाठी विशेष प्रार्थना करीन.'

सव्वीस वर्षं मी मुलांचे पेपर तपासतेय. ज्याला प्रश्नाचं उत्तर येत नाही तो कोरं सोडत नाही. त्याला जे येत असतं ते तो लिहितो, भरपूर लिहितो, अक्षरही चांगलं काढतो. प्रश्न पाणपोईवर असला तरी तो पावसाळ्यावर निबंध लिहितो. अशा उत्तराला मी लाल पेनानं शून्य देते आणि समासात लिहिते, 'प्रश्न पुन्हा वाचा.' माझ्या ओळीवर मी काही लिहिलं नाही. पर्यवेक्षणाची घंटा झाली होती.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी अंग जड होतं. मी काय काय केलं म्हणून सांगू? चहा सोडला. लेंटभर चहा घेणार नाही, असं देवाला सांगितलं आणि दुपारी डोकं धरून परीक्षेच्या वर्गात येरझाऱ्या घातल्या. रोज सकाळी करुणाला मोबाईलवर एक वचन पाठवू लागले, फुलांच्या चित्रासकट. दोन निळ्या खुणा उमटायच्या. उत्तर यायचं नाही. रव्याचे लाडू करून आमच्या ह्यांच्या हाती पाठवले. हे पोस्टातून निवृत्त झालेत, निरोप पोचवण्यात त्यांचा हातखंडा. परत आले आणि चपला काढत म्हणाले, "ठेवून घेतलं. बोलल्या काय न्हाईत."

"काहीच नाही?"

"डबा आताच रिकामा करून दिला. धुऊन दिला." मग म्हणाले, "तू का जाईनास?"

"पेपर आहेत."

"पेपर काय, दरवर्षी असत्यात की."

मी त्यांच्याशी दोन दिवस नीट बोलले नाही. वर संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेत मोठ्यानं म्हटलं, "प्रभू, जे दुसऱ्याची अडचण समजून घेत नाहीत त्यांना तू समज दे." हे 'आमेन' म्हणाले. त्यांना कळलं होतं, तरी म्हणाले.

उपास करणं, प्रार्थना करणं, वचनं पाठवणं हे सगळं मी जीव तोडून करत होते, फक्त जे सांगितलं होतं तेवढं सोडून. तिचं घर आमच्या घरापासून चालत आठ मिनिटांवर. मी रोज गारगोटीला जाऊन येत होते, पण ती आठ मिनिटं मला जमत नव्हती. विश्वासाचं एक बरं असतं, तो घरी बसून ठेवता येतो. आज्ञा पाळायला चपला घालाव्या लागतात.

ह्या दिवसांत मला सारखे माझे वडील आठवायचे. ते कबनूरला मागावर होते. चोवीस तास यंत्रमागांचा खडखडाट, त्यामुळं आमच्या घरात शास्त्र ओरडून वाचलं जायचं. सकाळची पाळी लागायच्या आधी, आईनं चहाचं आधण ठेवलं की ते वाचायला बसायचे. मी नऊ-दहा वर्षांची असेन. सांडपाण्यावरून त्यांची शेजारच्या बापूंशी जोरदार भांडणं झाली होती, चार दिवस दोन्ही घरं एकमेकांना तोंड दाखवत नव्हती. त्या सकाळी वडिलांनी काय वाचलं ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की त्यांनी मध्येच पुस्तक मिटलं, टोपी घातली आणि बाहेर गेले. आईनं चहा गाळून झाकून ठेवला. पाचेक मिनिटांत ते परत आले.

"काय म्हणाले?" आईनं विचारलं.

"काय म्हणणार? बसा म्हणाला." आणि त्यांनी चहा घेतला, कोमट झालेला.

मला तेव्हा त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात, वाचतात आणि करून येतात. आपण मोठे झालो की आपल्यालाही तसं येईल. मला पत्रकं भरता येतात.

शेवटी मी गेले ती काही मन द्रवलं म्हणून नाही. दमले होते म्हणून गेले. झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या दिवशी, शनिवारी, शाळेत पेपरांच्या गठ्ठ्यांचं काम होतं. परतीच्या गाडीत उभं राहून आले. कोल्हापूरला उतरले तेव्हा अजून ऊन होतं, पाय सुजले होते, आणि टाळण्यासाठी नवीन कारण शोधायचंही त्राण माझ्यात उरलं नव्हतं. घराकडं वळायच्या ऐवजी मी सरळ चालत राहिले. असंही आज्ञापालन असतं, ते कुणी सभेत उठून साक्ष देताना सांगत नाही.

करुणा गच्चीवर होती. जुन्या साडीवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि ती त्या उलट्या करत होती. मला बघून उठली नाही.

"आलीस व्हय," म्हणाली. "चप्पल तिकडं काढ. धूळ येती."

मी चप्पल काढली. गच्ची तापलेली होती, पाय भाजत होते. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि जे वाक्य पंचवीस-तीस दिवस घोकलं होतं ते बोलले, "करुणा, मी रोज तुझ्यासाठी प्रार्थना करत होते."

"ठाव हाय की. निम्म्या कोल्हापूरनं केली."

"माझं चुकलं गं. मी देवाजवळ सुद्धा..."

"देवाचं ऱ्हाऊ दे. त्याच्याशी तुझं रोज बोलणं असतंय. माझ्याशी बोल."

मी एक कुरडई उलटी केली, ती मोडली. तिनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

"तुमच्या डोक्यात काय आलं मला म्हाईत हाय," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता. "हिलाच विश्वास न्हाय, तर ही पोरांना काय शिकवणार. व्हय का न्हाय?"

"मी असं म्हटलं नव्हतं."

"तू म्हटलं न्हाईस. तू नुसतं दार उघडून दिलंस, बाकीच्या आत आल्या." तिनं साडीचं टोक सारखं केलं. "शोभा, दर रविवारी पोरांना गोष्ट सांगायला लागलो की, सांगता सांगता माझं मलाच वाटायचं, असंल बाबा. कोणतरी असंल. ती पोरं तोंड उघडं टाकून ऐकत्यात न्हवं, तेंच्याकडं बघून वाटायचं. आठवड्यातनं तेवढा एक तास. तेवढंच ऱ्हायलं होतं माझ्यापाशी. ते काढून घेतलासा तुम्ही."

हे मला माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. करंज्या करताना तिनं पहिलं वाक्य सांगितलं आणि मी वचनं म्हणायला लागले, म्हणून हे दुसरं वाक्य तिच्याकडंच राहून गेलं. मी रडले. ती रडली नाही. नर्सबाईच ती, कुणी रडलं की रडून होईपर्यंत थांबायचं एवढं तिला येतं.

"मला क्षमा कर," मी म्हटलं.

"करतो की. आज न्हाय. आज मला राग हाय." मग कुरडया डब्यात भरता भरता म्हणाली, "आणि जिथं बोललीस तिथं जाऊन सांग. माझं नाव घेऊन सांग. एक बहीण-बिहीण न्हाय म्हणायचं."

समेट करून आलं की मनावरचं ओझं उतरतं, असं आम्ही नेहमी ऐकतो. माझं उतरलं नाही. एक होतं, त्याचं दुसरं झालं. रविवारी लोक झावळ्या घेऊन गाणी म्हणत चर्चभोवती फिरले, मीही फिरले, आणि बुधवारचा विचार करत राहिले.

बुधवारी विषय विचारल्यावर मी उभी राहिले. एरवी आम्ही बसूनच बोलतो, त्यामुळं सगळ्या जणी माझ्याकडं बघू लागल्या. मी म्हटलं, "करुणानं मला विश्वासानं सांगितलेली गोष्ट मी इथं सांगितली. मी तिला शब्द दिला होता, तो मोडला. तो प्रार्थनेचा विषय नव्हता, मी चुगली केली. तिचा वर्ग त्यामुळं गेला. तो तिला परत द्यावा, असं मला वाटतं."

पाळकबाई उठल्या, माझ्याजवळ आल्या. त्यांचा चेहरा खरोखर मायेनं भरलेला होता. त्या म्हणाल्या, "शोभाताई, अशा वेळी सैतान आपल्याला फार टोचत असतो. चला, आपण शोभाताईंसाठी प्रार्थना करूया." आणि त्यांनी मला मधल्या खुर्चीत बसवलं. माझ्या डोक्यावर, खांद्यावर सहा-सात हात आले. त्यातला एक घामेजलेला होता. एकेक बाई बोलू लागली, माझ्या अशक्तपणाविषयी, माझ्या थकव्याविषयी, मला समज मिळण्याविषयी. मला ओरडून सांगावंसं वाटलं की मी आजारी नाही, मी चुकलेय, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण डोक्यावर एवढे हात असताना मान वर करता येत नाही. करुणा तासभर अशीच बसली असेल. मला वीस मिनिटांतच गुदमरल्यासारखं झालं.

वर्ग तिला परत मिळाला नाही. 'जूनमध्ये बघू' म्हणाले, जूनमध्ये एका तरुण मुलीला दिला. ती चांगली शिकवते, चित्रं पडद्यावर दाखवते. खालून हसण्याचा आवाज मात्र तेवढा येत नाही. जे मी मोडलं ते मोडलंच. आज्ञा पाळली म्हणून ते जोडलं गेलं नाही, आणि जोडलं जाणार नव्हतं म्हणून पाळायची नव्हती असंही नाही. हे एवढं समजायला मला तीन लेंट लागले. अजून पुरतं समजलंय का, सांगता येत नाही.

क्षमा तिनं केली, पण समारंभ न करता. त्याच वर्षी पाऊस लागल्यावर एका संध्याकाळी फोन आला, "सुकट केलीया. येतीस काय?" मी गेले. जेवलो. त्या विषयावर एक शब्द निघाला नाही. तेव्हापासून रविवारी दुपारी मी तिच्याकडं जाते. चर्चला ती कधी येते, कधी येत नाही. आली तर शेवटच्या बाकावर बसते आणि आशीर्वादाच्या आधी उठून जाते. बायका मला विचारतात, "करुणाताईंचं आता कसं आहे?" मी म्हणते, "त्यांना विचारा." हे वाक्य बोलायला मला दर वेळी जोर लावावा लागतो. सवय वाईट असते.

यंदाचं पत्रक सुरू होऊन दोन आठवडे होत आले. मी वाचते. काही सकाळी शब्द नुसते डोळ्यांखालून जातात, दुकानांच्या पाट्या जाव्यात तसे. पुढच्या वर्षी मी निवृत्त होईन, मग निवांत वाचीन असं वाटतं, आणि हेही कळतं की निवांतपणा हे काही कारण नव्हतं. ओळी मी आता रोज भरत नाही. ज्या दिवशी करायचं दिसतं आणि माझ्यानं होणार नाही असंही दिसतं, त्या दिवशी कोरी ठेवते. पाळकबाई वरून नजर टाकतात आणि पुढं जातात.

मागच्या रविवारी करुणा ओट्याशी लसूण सोलत बसली होती. मी तिच्याबरोबर सोलायला बसले. तिनं विचारलं, "काय चाललंय वाचायला सध्या?" मी सांगितलं. ती ऐकत होती. मग मान वर न करता म्हणाली, "शोभा, तुला अजून खरं वाटतंय का गं हे सगळं?"

मला उत्तर येत होतं. सव्वीस वर्षं एसटीत बसून वाचलेली सगळी उत्तरं मला येत होती. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही निघालं नाही. मी म्हटलं, "काही दिवस वाटतं. काही दिवस नुसती वाचते. परवा तर वाचताना असं झालं, की हे मी कुणासाठी वाचतेय."

हे मी ह्यांनाही कधी सांगितलेलं नाही. बोलून गेले आणि मला भीती वाटली, खरीखुरी भीती.

करुणानं दोन पाकळ्या सोलल्या. वाटी माझ्याकडं सरकवली.

"मी कुणापाशी बोलणार न्हाय," ती म्हणाली.

आज आठ दिवस झाले. मध्ये एक बुधवार येऊन गेला, आणि त्या दिवशी ती सभेलाही आली होती. विषय विचारल्यावर ती म्हणाली, "माझा न्हाय काय," आणि हात जोडून बसून राहिली.